वाळपईतील दहा महिने

परमुलखात काही दिवसांपुरता राहावयास गेलेला मनुष्य ना धड पाहुणा असतो, ना घरचा. पाहुण्याचे लोक दोन दिवस कौतुक करतात व निरोप देतात. घरच्या माणसाकडे कोणी मुद्दाम वळून पाहत नाही. परंतु कामासाठी येऊन राहिलेल्या आणि काम आटोपताच जाणार असलेल्या इसमाकडे गाव निराळ्या नजरेने पाहते. त्या नजरेत आतिथ्य असते, कुतूहल असते आणि थोडा हिशेबही असतो. गेल्या वर्षीच्या जूनपासून यंदाच्या एप्रिलपर्यंत ती नजर मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपई या गावी अनुभवली. तेथील धर्मगुरूंना हातभार लावण्याची कामगिरी होती. सकाळचे काम उरकले की दुपारनंतरचा वेळ पुष्कळदा मोकळा असे. तो मी गाव आणि गावाभोवतीचा मुलूख पाहण्यात घालविला.

आमच्या आजोबांच्या काळी वसईहून वाळपईला जाणे म्हणजे परदेशगमनच होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत मध्ये परक्या राज्याची सरहद्द होती, आणि १९५५ च्या सत्याग्रहानंतर तर भारत सरकारने ती बंदच केली होती. आज रात्री गाडीत बसावे आणि सकाळी गोव्यात उतरावे. कोणी कागद विचारीत नाही. तरीही पणजी सोडून बस पूर्वेकडे वळली, नारळीची बने मागे पडली आणि दीड-दोन तासांनी डोंगरांची निळी भिंत समोर उभी राहिली, तेव्हा आपण खरोखरीच दुसऱ्या देशी आलो असे वाटल्यावाचून राहिले नाही. ज्या गोव्याची चित्रे आपण दिनदर्शिकेवर पाहतो तो गोवा हा नव्हे. येथे समुद्र नाही. शुभ्र चर्चेही रांगेने उभी नाहीत.

ह्याचे कारण इतिहासात आहे. आपली वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. सत्तरी पोर्तुगीजांच्या हाती आली ती त्यानंतर चाळीस-एक वर्षांनी, १७८० च्या दशकात, सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल उठवून. म्हणजे आमच्या गावाचा जुना धनी येथे नवा धनी होऊन आला. तिसवाडी, बार्देश, साष्टी ह्या त्यांच्या जुन्या काबिजादी. तेथे सोळाव्या शतकात जे घडले ते ह्या नव्या काबिजादीत घडले नाही. येथील लोकांचा धर्म, रूढी व ग्रामसंस्था राखण्याचे त्यांनी कबूल केले होते. म्हणून वसईत जसे गावचे गाव ख्रिस्ती आढळते, तसे सत्तरीत आढळत नाही. आपली माणसे येथे थोडी, विखुरलेली, आणि बहुतेकांची मूळ घरे दुसऱ्या तालुक्यांत.

वाळपई हे नगर म्हणावे तर लहान, गाव म्हणावे तर मोठे. २०११ च्या शिरगणतीत त्याची वस्ती सुमारे साडेआठ हजार भरली. नगरपालिका आहे, बाजार आहे, पोलिसांची प्रशिक्षणशाळा आहे, लूर्दमातेचे मंदिर आहे, मशीद आहे, देवळे आहेत. राण्यांच्या बंडांना आळा घालण्यासाठी पोर्तुगीजांनी येथे लष्करी ठाणे ठेविले, आणि ठाण्याभोवती गाव वाढले. शिपाई आला म्हणून वाणी आला, अंमलदार आला म्हणून कारकून आला. सारे काही वर्षांच्या बोलीने आलेले. कोणी राहिले, पुष्कळ गेले. माझ्यासारखा तात्पुरता मनुष्य वाळपईला नवा नाही, हे ध्यानी आले तेव्हा मला बराच धीर वाटला.

बाजारात उभे राहिले की चार भाषा कानी पडतात. घासाघीस कोंकणीत चालते, पेपर मराठी वाचला जातो, घाटावरून आलेला मजूर कानडी बोलतो, आणि शिंप्याच्या दुकानात हिंदी-उर्दू ऐकू येते. मला खरी अडचण आली ती मात्र बाजारात नव्हे, मंदिरात. तेथे मिस्सा कोंकणीत, आणि पुस्तक रोमी लिपीत. वसईच्या माणसाला शब्द ओळखीचे वाटतात. परंतु ते वेष पालटून येतात. स्वर्गाचा ‘सर्ग’ होतो, कृपेची ‘कुर्पा’ होते, महिम्याचा ‘म्हयमा’ होतो. ‘भावार्थ’ ह्या शब्दाने तर मला पहिल्याच आठवड्यात थांबविले. आपण भावार्थ म्हणतो तो एखाद्या उताऱ्याचा. तेथे भावार्थ म्हणजे श्रद्धा. मागाहून आठवले की संतांच्या मराठीतही हा शब्द त्याच अर्थाने येतो. जुना दागिना आमच्या घरातून हरवला होता, तो शेजारणीच्या पेटीत सुखरूप होता!

ह्यावरून फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे साहजिकच आहे. हा इंग्लंडचा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. चार वर्षांत त्याने आपल्या भावाला पत्र लिहून कळविले की येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. पुढे १६१६ साली त्याचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापून निघाले. तो मात्र परत गेला नाही. चाळीस वर्षे राहून १६१९ साली येथेच निवर्तला. दहा महिन्यांच्या पाहुण्याने त्याच्याशी आपली तुलना करू नये. तथापि परमुलूख ओळखावयाचा तर आरंभ भाषेपासून करावा, ही वाट त्यानेच घालून दिली.

वाळपईचा पाऊस हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. हवामान खात्याच्या गोव्यातील केंद्रांत वाळपईचा आकडा पुष्कळदा सर्वांत वर असतो. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपाटातील चपलांवर बुरशी चढते, आणि आगपेटीची काडी पेटली तर घरात समाधान होते. जुलै २०२१ मध्ये म्हादईला महापूर आला. काठावरच्या गावांतील पुष्कळ मातीची घरे त्यात बसली. लोक ती गोष्ट सांगतात तेव्हा भिंतीवर हात ठेवून पाण्याची खूण दाखवितात.

पाऊस उघडल्यावर मी प्रथम गेलो तो नाणूसला. वाळपईपासून जवळच, म्हादईच्या अंगाला नाणूसचा किल्ला होता. आता अवशेष तेवढे राहिले आहेत. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी हा किल्ला घेतला आणि पुढे सुमारे साडेतीन वर्षे सरकारला दाद दिली नाही. पुढे तीच तारीख भारताचा प्रजासत्ताक दिन व्हावी, हा योगायोगच. नाणूसला त्या दिवशी राण्यांच्या लढ्याचे स्मरण होते.

परंतु मला अधिक खिळवून ठेविले ते १८९५ सालच्या बंडाने. गोव्यातील मराठा शिपायांना त्या वर्षी हुकूम झाला की आफ्रिकेत मोझांबिकला जावे. तेथे उठाव झाला होता. शिपायांचे म्हणणे इतकेच होते की बायकामुले बरोबर नेऊ द्या. ते मान्य झाले नाही. तेव्हा सप्टेंबर महिन्यात त्यांनी बंदुका उचलल्या, छावणी सोडली आणि ते सत्तरीत, ह्याच नाणूसला येऊन राहिले. दादा राणे व त्यांची माणसे त्यांना मिळाली. प्रकरण इतके वाढले की पोर्तुगालच्या राजाचा भाऊ दों आफोंसो ह्याला लिस्बनहून फौज घेऊन यावे लागले.

त्या ओसाड चौथऱ्यावर बसून मी ह्या शिपायांचा पुष्कळ विचार केला. इतिहासाची पुस्तके त्याला बंड म्हणतात. आणि सत्तरीच्या दृष्टीने ते स्वातंत्र्याचे बंडच होते. परंतु त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट आपल्या कोणत्याही गावच्या स्त्रीला चटकन कळेल. नवरा कामासाठी परमुलखात जाणार, किती दिवसांसाठी ते नक्की नाही, आणि मागे आपले काय? आज वाळपईच्या बाजारपेठेत कुवेतला राहून आलेला, बोटीवर चाकरी केलेला, लंडनजवळ मुलगा असलेला मनुष्य भेटत नाही असा दिवस जात नाही. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते; त्या वाटेने कित्येक तरुण युरोपात पोहोचले. एकाच घरात आजीच्या हातात ओल्या सुपाऱ्यांची टोपली आणि नातवाच्या हातात परदेशी पासपोर्ट मी पाहिला. आज शिपाई बंड करीत नाहीत. आपणहून अर्ज करतात.

वाळपईहून काही मैलांवर ब्रह्मकरमळी नावाचे गाव आहे. तेथे ब्रह्मदेवाचे देऊळ आहे आणि त्यात काळ्या दगडाची, कदंबांच्या काळातील अत्यंत रेखीव मूर्ती आहे. ब्रह्मदेवाची देवळे आपल्या देशात विरळा. ही मूर्ती मूळची येथली नव्हे. ती तिसवाडीतील करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिकडची देवळे पाडली तेव्हा भक्तांनी ती नदीपार, रानात आणून बसविली आणि नव्या जागेला जुन्या गावाचे नाव दिले. मी धर्मगुरू आहे हे तेथील पुजाऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी पाणी दिले, सावलीत बसविले, आणि ही हकीकत अगदी शांतपणे, एकही टोचणारा शब्द न वापरता सांगितली. ते काम कोणाच्या नावाने झाले होते हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. त्याहून निराळे काय करावयाचे होते?

वाचकहो, येथवर जे सांगितले ते गेलेल्या काळाचे. परंतु सत्तरीत फिरताना जो प्रश्न मला वारंवार भेटला तो आजचा आहे. कोठेही गेलो की प्रथम विचारीत, “फादर, तुमी खंयचे?” वसईचा, असे सांगितले की लगेच पुढचा प्रश्न येई, “आनी परत केन्ना वतलात?” परत केव्हा जाणार? आरंभी मला हे जरा विचित्र वाटे. आलो नाही तोच जाण्याची चौकशी! शेळ-मेळावलीच्या बाजूला एका वयस्क शेतकऱ्याच्या अंगणात बसलो होतो, तेव्हा त्याचा उलगडा झाला. ते म्हणाले, “राग मानू नका, फादर. येथे जो येतो तो काहीतरी ठरवून जातो. मागाहून निस्तरायचे आम्हांला.”

ह्या मेळावलीचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. तेथे आय.आय.टी. ही मोठी शिक्षणसंस्था बांधण्याचे सरकारने योजिले. जागा कागदोपत्री सरकारची. पण तिच्यावर काजू लावलेले गावकऱ्यांनी, पिढ्यान्पिढ्या. जानेवारी २०२१ मध्ये मोजणीच्या वेळी पोलीस व गावकरी यांच्यांत चकमक झाली. बायका मोजणीच्या वाटेत बसून राहिल्या. १५ जानेवारी रोजी मुख्यमंत्र्यांनी तेथील बेत सोडल्याचे जाहीर केले. शिक्षणसंस्था नको असे मला त्या गावात कोणी म्हणाले नाही. जमीन आमची हे आधी लिहून द्या, एवढेच ते म्हणत होते.

आपल्याकडे वसईत ‘कसेल त्याची जमीन’ ह्या कायद्याने आपल्या वाडवडिलांची नावे सातबाऱ्यावर चढली. गोव्यातही १९६४ साली कूळ कायदा झाला. पण सत्तरीतील पुष्कळ गावांत जमीन मोकासदारांच्या नाहीतर सरकारच्या नावावर राहिली, आणि कसणाऱ्याचे नाव कोठेच आले नाही. त्या शेतकऱ्यांच्या आजोबांनी लावलेला काजू मी हाताने चाचपून पाहिला; त्याचा बुंधा दोघांच्या कवेत मावेना. काजू हे झाडही मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी आणलेले, परदेशी पाहुणेच. त्याला येथे मुळे धरण्यास कोणाचा दाखला लागला नाही. (मार्च-एप्रिलमध्ये ह्या झाडांखाली बोंडू तुडवून रस काढतात. त्या ताज्या रसाला निरो म्हणतात. तो मी आनंदाने प्यालो. त्याच रसाचे पुढे भट्टीवर जे होते, त्याविषयी वाचकांनी मला विचारू नये.)

जमिनीसारखेच रानाचे. सत्तरीचा मोठा भाग म्हादई अभयारण्यात मोडतो. ते १९९९ साली जाहीर झाले आणि दोनशे चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे आहे. २०२० च्या जानेवारीत गोळावली गावी एक वाघीण व तिचे तीन बछडे विष खाऊन मेलेले सापडले. ज्यांची जनावरे वाघाने मारली होती त्या घरातील माणसांना अटक झाली. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने येथे व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. शहरात बसून वाघाची बाजू घेणे सोपे आहे, आणि गुराख्याची बाजू घेऊन टाळ्या मिळविणेही सोपेच. मला दोघांचेही पटते, आणि म्हणून कोणालाच माझा उपयोग नाही.

परंतु रान राखण्याची विद्या ह्या लोकांना सरकारने शिकविली असे मात्र कोणी समजू नये. नानोडा-बांबर येथे ‘निरंकाराची राई’ आहे. बारमाही ओलीने भिजलेली दलदल, तीत रानजायफळीची उंच झाडे, आणि चिखलातून वर येऊन पुन्हा चिखलात शिरणारी त्यांची मुळे. जणू शेकडो माणसे गुडघे वर काढून बसली आहेत! पाण्याखाली मुळांना हवा मिळत नाही म्हणून झाडे असे गुडघे वर काढतात, असे वनस्पतिशास्त्र सांगते. तेथे देवळाचा कळस नाही. देवाची राई आहे, तेथून काडी उचलावयाची नाही, एवढ्या एका नेमावर ती इतकी वर्षे टिकली. बरोबरच्या मुलाने राईच्या कडेला चपला काढल्या. मीही बूट काढले.

शेवटी नदीविषयी. म्हादई बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, देगावच्या बाजूला उगम पावते, सत्तरीतून वाहते आणि पुढे मांडवी ह्या नावाने पणजीला समुद्राला मिळते. ती कोठून येते हे पाहावे म्हणून फेब्रुवारीत साखळी-केरीवरून चोर्ला घाट चढून मी कणकुंबीला गेलो. घाटातून खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसते. कणकुंबी हे माउलीच्या देवळाचे मराठी बोलणारे गाव. तेथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच गावातून कळसा नाला म्हादईच्या खोऱ्याकडे पश्चिमेला धावतो. एकाच कौलारू घराच्या दोन पाख्यांवर पडलेला पाऊस दोन समुद्रांकडे निघावा, तसे ते गाव आहे.

आणि येथेच दोन राज्यांचा वाद पेटला आहे. कळसा व भांडुरा ह्या नाल्यांचे पाणी कालव्याने मलप्रभेत वळवावे असा कर्नाटकाचा प्रयत्न आहे. हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी हवे आहे. ह्या वादासाठी २०१० साली लवाद नेमला गेला. त्याने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टी.एम.सी. पाणी आले, त्यांपैकी मलप्रभेकडे वळविण्याचे पाणी ३.९ टी.एम.सी. गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ मिळाले. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. तिघांनीही सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे. हुबळीच्या गृहिणीला तहान नाही असे कोण म्हणेल? पण वाळपईच्या नळाला येणारे पाणी ह्याच नदीवरच्या दाबोस येथून येते, आणि उन्हाळ्यात तिचे पात्र किती आटते हे मी पुलावरून रोज पाहत होतो. पावसाळ्यातील पुराचा आकडा पाहून मार्चमधील पाणी वाटता येत नाही, असे तेथील लोक म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

मार्च-एप्रिलमधील त्या आटलेल्या नदीतच सत्तरीची एक शेती चालते. तिला पुरण शेती म्हणतात. पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की लोक पात्रात दगडमातीचे तात्पुरते बांध घालतात, प्रवाह बाजूला वळवितात आणि उघड्या पडलेल्या गाळात भात लावतात. दर वर्षी पूर येतो आणि बांध, खाचरे, सारे पुसून नेतो. पुन्हा कोरडे दिवस आले की घरातील माणसे घमेली घेऊन नदीत उतरतात आणि आपापला तुकडा बरोबर ओळखतात. मी निघण्याच्या आठवड्यात भात निसवले होते. एका बाईला विचारले, “बाय, तुमचा वाटा येथून सुरू होतो हे कसे कळते? गेल्या सालची खूण तर राहिली नाही.” तिने पलीकडच्या काठावरच्या एका करंजाकडे बोट दाखविले, मग मागच्या खडकाकडे, आणि पुन्हा बांधावर माती थापू लागली. वळवाचे ढग घाटावर दिसू लागले होते आणि तिला घाई होती.